‘शेअरक्रॉपर’ला कूळ म्हणू नका

प्रश्न असा आहे: अमेरिकेत १८६५ साली गुलामी संपली. त्यानंतर दक्षिणेतले कृष्णवर्णीय जुन्याच मालकांच्या शेतात ‘शेअरक्रॉपर’ म्हणून, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, राबू लागले. त्यांना मराठीत ‘कूळ’ म्हणावं का?

नाही. भाषांतरांत हे ‘कूळ’ सारखं भेटतं आणि दर वेळी अर्थाचा घात करतं. कुळाचा जमिनीवर हक्क असतो. त्याच बळावर १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडची कुळं मालक झाली. शेअरक्रॉपरला तसला हक्क नव्हताच. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १८७२ मध्ये सांगून टाकलं की पिकाचा वाटा ही त्याची मजुरी आहे, तो भाडेकरू नव्हे. म्हणजे उभं पीक मालकाचं. राबणाऱ्यानं त्यातला कापूस परस्पर विकला तर तो गुन्हा.

‘बटईदार’, म्हणजे वाट्यानं जमीन कसणारा, म्हणावं, तर तो निराळा. ज्याचं स्वतःचं खेचर नि अवजारं असत, तो मालकाला साधारण पाव हिस्सा कापूस आणि एक तृतीयांश मका देई. त्याला खुशाल बटईदार म्हणा. ज्याचं खेचर, नांगर, बी, खोपटं सगळं मालकाचं, त्याच्या हाती निम्मं पीक, तेही कागदावर.

त्याला नेमका शब्द सालगडी. वर्षाचा करार, आधी उचल, मग वर्षभर उचल फेडणं. पीठ, खारवलेलं मांस, कापड दुकानातून उधार. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. हिशेब नाताळच्या सुमारास, वजन मालकाचं आणि वहीही मालकाची. गुलामीत अनेक राज्यांनी गुलामांना अक्षरओळख करून देणंच बेकायदा ठरवलं होतं, मग वही तपासणार कोण? बाकी पुढच्या साली ओढली जाई. उचल घेऊन काम सोडलं तर फसवणुकीचा गुन्हा. अलाबामाचा असा कायदा १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. १९१९ मध्ये आर्कान्सातल्या एलेनजवळ अशा मजुरांनी चोख हिशेबासाठी संघटना बांधली, तर गोऱ्या जमावानं आणि सैनिकांनी कत्तल केली.

आता ‘कूळ’ शब्दाची खरी गंमत. ‘कुळकर्णी’तलं कुळ म्हणजे घराणं, तो वंशावळी राखी, असं काही जाणकार सांगतात; मला ते पटत नाही. कुळकर्णी शेतसारा लिहून ठेवी. ज्याच्या नावावर येणं, ते कूळ. सावकाराची कुळं म्हणजेही त्याचे ऋणकोच! तेव्हा त्या उधारीच्या वहीबद्दल लिहीत असाल तर ‘कूळ’ चोख बसतो. जमिनीबद्दल लिहिताना सालगडीच लिहा.