डोंबिवली की बदलापूर, आणि एकतीस ओळींची एक्सेल शीट

"मॅडम, दोन्ही गावं चांगलीच आहेत हो, तोच तर प्रॉब्लेम आहे."

ठाण्यात नौपाड्यात बसून समुपदेशन करते त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि घर कुठे घ्यायचं या प्रश्नावरून आलेली जोडपी इतकी बघितलीत की कधी कधी वाटतं बाहेरची पाटी काढावी आणि इस्टेट एजंट म्हणून लावावी. येतात ती "आमची सारखी भांडणं होतात" म्हणून, आणि दहा मिनिटांत कळतं की वर्षभर भांडण एकच आहे, हे गाव की ते गाव, आणि भीतीही दोघांना एकच आहे, चुकलं तर वीस वर्षं ईएमआय भरत पस्तावायचं.

हे जोडपं (ओळख पटेल असं सगळं बदललंय) कळव्यात भाड्याने राहायचं. तो वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये, ती ऐरोलीला आयटीत, मुलगा चार वर्षांचा. त्यांच्या बजेटात डोंबिवलीला वन बीएचके बसत होता आणि बदलापूरला टू बीएचके. तिला डोंबिवली हवी होती, त्याला बदलापूर. चौदा महिने दर रविवारी फ्लॅट बघणं चालू होतं, एजंट लोक आता फोन उचलेनासे झाले होते म्हणे.

मी स्वतः डोंबिवलीत वाढलेली, दिवाळीच्या पहाटे नवीन कपडे घालून फडके रोडवर फिरलेली, त्यामुळे इथे तोंडाला कुलूप लावून बसणं हेच माझं पहिलं काम होतं.

त्याने लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट, एकतीस ओळी. पाणी, शाळा, हॉस्पिटल, कार्पेट एरिया, स्टेशनपासून अंतर, हवा, पुढे भाव वाढेल का, सगळ्याला दहापैकी मार्क आणि प्रत्येकाला वेगळं वजन. खाली टोटल. बदलापूर थोडं पुढे. मग ती म्हणाली, "ह्याने परवा शाळेचं वजन कमी केलं, त्याआधी डोंबिवली पुढे होती." तो म्हणाला, "तू हवेचं कमी केलंस त्याचं काय?" म्हणजे रात्री एकाने झोपायच्या आधी आकडे बदलायचे आणि सकाळी दुसऱ्याने परत, असं चाललेलं.

यादी करण्यात वाईट काही नाही, जुनीच युक्ती आहे ती. बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञ मित्राला पत्रातून हीच सांगितली होती, कागदाच्या मधोमध रेघ मारा, एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे, आणि सारख्या वजनाचे समोरासमोर खोडत जा. फक्त तो खोडायला सांगत होता आणि आपण भरत जातो, एकतीस ओळी झाल्या की बत्तीसावी सुचतेच. त्यांना म्हटलं, दोन्हीकडे मार्कांत एका-दोनाचाच फरक आहे त्या ओळी उडवा. चोवीस उडाल्या. उरलेल्या सातांत एक होती, दुसरी बेडरूम, वजन दहापैकी दहा, कंसात लिहिलेलं वर्क फ्रॉम होम.

मी विचारलं, "वर्क फ्रॉम होम कोणाला?"

"मला," तो म्हणाला.

आता हा माणूस लेथ मशीनवर काम करतो. बायको त्याच्याकडे बघायला लागली, मीही बघायला लागले, आणि तो बराच वेळ लॅपटॉपची वायर गुंडाळत बसला, सरळच होती ती वायर. मग म्हणाला, "आईसाठी."

आई मुरबाडकडच्या गावात एकटी. वडील गेल्यापासून याच्या मनात होतं की तिला आणायचं, पण बायकोला विचारलं तर नाही म्हणेल या भीतीने विचारलंच नव्हतं, आणि बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने गाव जवळ पडतं हेही एक मनात होतं. बायको नाही म्हणाली नसती असं मला वाटतं, पण चौदा महिने हवा आणि कार्पेट एरियावरून भांडल्यावर हे कळलं म्हणून ती जी रडली ती वेगळ्याच कारणाने रडली. त्या दिवशी गावाचा विषय मी काढलाच नाही.

पुढच्या वेळेआधी आईला फोन करून विचारा म्हटलं. हे माझं नेहमीचं आहे, ज्याच्या नावाने खोली ठेवताय त्याला विचारलंय का? बहुतेक वेळा विचारलेलं नसतं. आईचं उत्तर दोघांनी मला नक्कल करून सांगितलं. ती म्हणाली, कायमची मी कुठेच येणार नाही, भात झोडून झाला की दोन महिने येईन, आणि ते बदलापूर तुमचं तुम्हाला, मला एसटी कल्याणला सोडते, तिथून डोंबिवली दोन टेसनं. खरंच आहे की, कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, आणि बदलापूरला जायचं तर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत चौथं. आम्ही नकाशावर अंतर बघत होतो आणि तिचा नकाशा एसटी स्टँडपासून सुरू होत होता.

तरीही तो बदलापूर सोडेना, आणि मी सोडवायला बसलेही नव्हते. मी त्यांना मंगळवार करायला सांगितला. माझा आवडता गृहपाठ आहे हा. लोक घर रविवारी दुपारी बघतात, रिक्षा रिकाम्या, गाडीत बसायला जागा, बिल्डरच्या ऑफिसात थंडगार सरबत, आणि राहायचं मात्र मंगळवारी असतं. २००४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशोब विचारला होता, कुठल्या वेळी कसं वाटलं म्हणून, त्यात सकाळचा कामावर जायचा प्रवास अगदी तळाला होता. आणि त्यांच्याकडे आपल्यासारखी लोकल नाही!

तर ठरलं असं की सोमवारी रात्री बदलापूरला त्याच्या मामेभावाकडे मुक्काम, मंगळवारी त्याने सुट्टी टाकून तिचा रस्ता करायचा, ऐरोलीपर्यंत, तिचीच बॅग घेऊन, म्हणजे लॅपटॉप, डबा, छत्री, पाण्याची बाटली सगळं, आणि संध्याकाळी तिच्याच वेळेला निघून परत. पुढच्या मंगळवारी तेच डोंबिवलीहून, तिच्या मैत्रिणीकडून. लेडीज डब्यातला धक्का त्याला कुठून देणार, पण बाकी सगळं.

बदलापूरच्या सकाळचा फोन आला तो विजयी वीरासारखा. लोकल तिथूनच सुटणारी, बसून गेलो मॅडम, खिडकी मिळाली. संध्याकाळी फोन नाही. नंतर कळलं की ठाण्याला पहिल्या बदलापूर लोकलमध्ये शिरताच आलं नाही, दुसऱ्या गाडीत उल्हासनगरपर्यंत बॅग छातीशी धरून उभा, आणि बदलापूरला उतरल्यावर रिक्षाची लाइन. घरी पोचला तेव्हा पावणेनऊ, आणि त्यांनी बघून ठेवलेलं पाळणाघर साडेसातला बंद होतं. डोंबिवलीला उलटं झालं, सकाळी दोन फास्ट सोडाव्या लागल्या, तिसरीत आत शिरताना घड्याळाचा पट्टा तुटला, पण संध्याकाळी सव्वासातला दारात. डोंबिवलीची माणसं कल्याणपर्यंत उलटं जाऊन, तिथे जागा पकडून, रिटर्न का मारतात ते आज कळलं म्हणाला.

गंमत पुढेच आहे. बायकोला बदलापूर आवडलं. सकाळी सहाला ती मामेभावाच्या गॅलरीत चहा घेऊन उभी होती, समोर डोंगर, चंदेरीचा सुळका दिसत होता, आणि ती मला वैतागून सांगत होती, "मॅडम, चौदा महिने मी ज्या गावाशी भांडले तिथेच मला इतकं बरं का वाटावं?" मी म्हटलं वाटू दे की. बरं वाटलं म्हणून तिथेच राहायला पाहिजे असं थोडीच आहे. तिची खरी भीती रोजच्या अंतराची नव्हतीच, गाड्या बंद पडतील त्या एका दिवसाची होती. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजारावर माणसं बाहेर काढावी लागली, तो टीव्हीवरचा दिवस तिच्या डोक्यात पक्का होता. आई-बाप दोघंही ठाण्याच्या बाजूला अडकले आणि पोरगं तिकडे बदलापुरात, एवढंच तिला दिसत होतं. ही ओळ शीटमध्ये नव्हती.

विकत घ्यायचं थांबवा, असं मी क्वचित कोणाला सांगते, यांना सांगितलं. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करा, भाड्याने राहून बघा. भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे हे त्याचं म्हणणं, मला विचाराल तर चुकलेलं घर विकून परत स्टॅम्प ड्युटी आणि ब्रोकरेज भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि मुख्य म्हणजे चुकायची परवानगी मिळाली की माणूस जरा सरळ विचार करतो. डोंबिवली वेस्टला वन बीएचके भाड्याने घेतला.

दिवाळीनंतर आई आली, एसटीने कल्याण आणि पुढे दोन टेसनं, नातू न्यायला गेला होता. दोन महिने म्हणाली होती, सतराव्या दिवशी परत गेली, इथे कोंबडा आरवत नाही म्हणून.

आता ॲग्रीमेंट संपत आलंय. परवा त्याचा फोन होता, शीटमध्ये तिसरा कॉलम टाकलाय, अंबरनाथ. या म्हटलं दोघं, लॅपटॉप तेवढा घरी ठेवून या.