केमोत एकाच मुलाचं तोंड का येतं? जनुकांची टेस्ट करावी का?

तुमच्या भाच्याला ल्युकेमियासाठी (रक्ताचा कॅन्सर) मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचा मोठा डोस दिला, आठवड्यात तोंड सोलवटलं, आणि शेजारच्या बेडवरचा मुलगा तेच औषध घेऊन मजेत जेवतोय. मग हे जनुकांमुळे का, असं तुम्ही विचारलंय. मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात सिस्टर आहे. हा प्रश्न आमच्याकडे रोजचा.

जनुकांचा हात असतो, पण सगळं त्यांच्या माथी मारता येत नाही. ठळक उदाहरण डाउन सिंड्रोमच्या मुलांचं. मेथोट्रेक्सेटला पेशीत नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे आणि या मुलांत ते गुणसूत्र तीनदा असतं. त्यांचं तोंड जास्त येतं त्यामागचं हे एक कारण मानतात, म्हणून त्यांचा डोस आधीच जपून ठरवतात.

लॅबवाले गळ्यात मारतात ती एमटीएचएफआरची, म्हणजे शरीरात फोलेट हाताळणाऱ्या एका जनुकाची टेस्ट. त्या जनुकातल्या सी६७७टी या बदलाचा तोंड येण्याशी काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत नाही. एवढ्यावर सहसा कोणी डोस बदलत नाही. मला भीती वेगळीच वाटते: रिपोर्ट बघून घरचे परस्पर फॉलिक ॲसिड सुरू करतात. फॉलिक ॲसिड म्हणजे फोलेटच, आणि मेथोट्रेक्सेट त्याचंच काम अडवतं, तेव्हा ही गोळी औषधाच्या मुळावर येऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.

शेजारच्या मुलाशी तुलना करायचीच तर दोघांची लेव्हल बघायला हवी. औषध २४ तासांच्या सलाइनमधून दिलं असेल तर सुरू केल्यापासून साधारण ४२ आणि ४८ तासांना रक्तातलं मेथोट्रेक्सेट मोजतात. ते उतरत नसेल तर ल्युकोव्होरिन, म्हणजे मेथोट्रेक्सेटचा उतारा, वाढवतात. किडनी मंद चालली, किंवा पित्तासाठी पॅन्टोप्राझोल, दुखण्यावर आयबुप्रोफेन पोटात गेलं, तरी लेव्हल रेंगाळते. 'घरून काय काय दिलंत?' हे आम्ही खोदून विचारतो ते याचसाठी.

टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या दोन जनुकांच्या टेस्टबद्दल मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. त्या मर्कॅप्टोप्युरिन या ल्युकेमियाच्याच दुसऱ्या औषधाच्या गोळीसाठी असतात. या जनुकांत दोष असला तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी कोसळतात, आणि पेशी नसताना तोंडातल्या जखमेत जंतू शिरतात. एनयूडीटी१५चा दोष २०१४मध्ये कोरियन रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आला. आपल्याकडेही तो टीपीएमटीपेक्षा जास्त आढळतो. इथे रिपोर्टवरून डोस खरोखर बदलतो.

तोवर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायला लावा. गिळू देऊ नका. ब्रश एकदम मऊ. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. पेज, खिमट कोमट किंवा गारच द्या. रोज टॉर्च मारून जीभ आणि गालाची आतली बाजू बघा: दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले तर बुरशी असू शकते, त्याचं औषध वेगळं. मूल लाळही गिळेना, लघवी कमी झाली किंवा ताप १००.४ला पोचला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी वॉर्डला फोन करून लगेच निघा.