वाचकांचे प्रश्न: नवा कीवर्ड आणायचा की चिन्हावर भागवायचं?

प्रश्न: आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, प्रोजेक्ट म्हणून वेरिलॉगमध्ये (चिपचं सर्किट कोडमध्ये लिहायची भाषा) पाइपलाइन, म्हणजे काम पायऱ्यापायऱ्यांनी पुढे नेणारं सर्किट, लिहायची सोय घालतोय. `स्टेज एस१ (...)` असं लिहिलं की दोन पायऱ्यांमधली रजिस्टर्स (व्हॅल्यू साठवणारे घटक) आपोआप तयार व्हावीत. गाइड सर म्हणतात कीवर्ड (भाषेने राखून ठेवलेला शब्द) नको, एखादं चिन्ह घ्या. काय करावं?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: कीवर्डच घ्या, पण नुसता `स्टेज` नको आणि तो कंस तर अजिबात नको. वेरिलॉगमध्ये एक नाव, पुढे दुसरं नाव आणि मग कंस आला की ते मॉड्यूलचं इन्स्टन्स असतं, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या सर्किटची एक प्रत, त्यामुळे कुणाच्या जुन्या डिझाइनमध्ये स्टेज नावाचं मॉड्यूल असेल तर पार्सरला (कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागाला) कळणार नाही नक्की काय म्हणायचंय, आणि शब्द राखीव केलात तर ते जुनं डिझाइन कंपाइलच होणार नाही. सिस्टिमवेरिलॉग या वेरिलॉगच्या वाढीव आवृत्तीत हेच झालं, २००५ च्या स्टँडर्डमध्ये बिट, डू, फायनल, प्रायॉरिटी असे रोजचे शब्द राखीव झाले, आता प्रायॉरिटी हे नाव इंटरप्ट कंट्रोलर लिहिणारा कुणीही सिग्नलला देईल ना! म्हणून मग `बिगिन_कीवर्ड्स` हा डायरेक्टिव्ह लागतो, म्हणजे इथून पुढे जुन्या स्टँडर्डचेच राखीव शब्द धरा असं टूलला सांगायचं. त्याच स्टँडर्डमधले ऑलवेज_कॉम्ब आणि ऑलवेज_एफएफ बघा, असली अंडरस्कोअरवाली नावं सिग्नलला सहसा कुणी ठेवत नाही. तुम्हीही पाइप_स्टेज करा आणि पुढे कंसाऐवजी बिगिन-एंड ठेवा.

पण नाव ही त्यातली छोटी गोष्ट. जुनं ऑलवेज @* एवढंच सांगायचं की इनपुट बदललं की हे चालव, एखाद्या ब्रँचमध्ये व्हॅल्यू द्यायची राहिली की गुपचूप लॅच (जुनी व्हॅल्यू धरून ठेवणारा घटक) तयार, आणि लॅच हवा होता की नको होता हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. ऑलवेज_कॉम्ब लिहिलं की तुम्ही सांगून टाकलंत, इथे फक्त कॉम्बिनेशनल लॉजिक आहे, म्हणजे काहीही साठवून न ठेवणारं, मग टूल लॅचची वॉर्निंग देऊ शकतं, तोच व्हेरिएबल दुसऱ्या ब्लॉकने लिहिला तर सरळ एरर, शिवाय सिम्युलेशन सुरू होताच ब्लॉक एकदा आपोआप चालतो. टायपिंग वाढलं पण चूक पकडायला जागा मिळाली. तुमच्या पाइप_स्टेजलाही हाच प्रश्न विचारा, यामुळे टूल कुठली चूक पकडेल? पाइपलाइनमधली नेहमीची चूक म्हणजे तिसऱ्या पायरीने पहिलीची व्हॅल्यू मधल्या रजिस्टरमधून न आणता थेट वाचणं, मग वेगवेगळ्या क्लॉक सायकलचा डेटा एकत्र होतो. ती एरर तुमच्या सिंटॅक्सने दिली तर प्रोजेक्टचं सोनं झालं, नुसती रजिस्टर्स तर स्क्रिप्टनेही बनतात.

सरांचं म्हणणं एक्स्प्रेशनच्या आत बरोबर आहे. १९९५ च्या वेरिलॉगमध्ये `डेटा[आय+७:आय]` (डेटामधला आठ बिटांचा तुकडा) चालायचं नाही, दोन्ही टोकं हलती असली तर रुंदी कायम आहे याची टूलला खात्री काय, आणि वायर्स तर मोजक्याच असतात. २००१ मध्ये `डेटा[आय +: ८]` आलं, सुरुवात हलू दे, रुंदी मात्र कॉन्स्टंटच. फार सुंदर डिझाइन आहे हे, नियम सिंटॅक्समध्येच बसलाय. पण अख्ख्या ब्लॉकला चिन्ह लावलंत तर वाचणाऱ्याला काही कळणार नाही.

आणि कृपा करून कॉमेंटमध्ये अर्थ लपवू नका. फुल_केस (केसमध्ये सगळे पर्याय आलेत असं धरा), पॅरलल_केस (एका वेळी एकच पर्याय लागू होतो असं धरा) या सूचना कॉमेंटमध्येच लिहायचे, सिम्युलेटर कॉमेंट सोडून द्यायचा, कोडवरून सर्किट बनवणारं सिंथेसिस टूल मात्र पाळायचं, त्यामुळे सिम्युलेशन एक सांगतंय आणि चिप दुसरंच करतेय असं व्हायचं. पुढे त्यासाठी युनिक आणि प्रायॉरिटी हे खरे कीवर्ड आणावे लागले.

प्रश्न: पार्सर लिहिण्याऐवजी पायथॉनच्या आतच आपली हार्डवेअर भाषा बनवली तर?
— एक वाचक, पुणे

उत्तर: पार्सरचे कष्ट वाचतात, एका सेमिस्टरसाठी मी हेच करा म्हणेन. फक्त इफ आणि = तुमच्या हातात राहत नाहीत. बर्कली विद्यापीठाची चिझल ही हार्डवेअर भाषा स्काला या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आत आहे, स्कालाचा इफ सर्किट बनवतानाच चालून मोकळा होतो, म्हणून हार्डवेअरसाठी व्हेन, जोडायला := आणि तुलनेला === असं वेगळं घ्यावं लागलं. पायथॉनमध्ये अँड, ऑर ओव्हरलोड होत नाहीत (म्हणजे त्यांना आपला वेगळा अर्थ देता येत नाही) म्हणून & आणि | वापरतात, आणि तिथे & हे == च्या आधी लागतं, म्हणजे `ए == बी & सी == डी` मध्ये आधी बी & सी होतं, मग त्याची दोन्हीकडे तुलना. दरवेळी कंस घालायची सवय लावा, आणि सिग्नलचं बूलमध्ये (पायथॉनच्या खरं-खोटं व्हॅल्यूत) रूपांतर करायचा प्रयत्न झाला की लगेच एरर फेका, पायथॉनच्या आत बनवलेली अमरांथ ही हार्डवेअर भाषा असंच करते, मग कंस विसरले तरी ही चूक तिथल्या तिथे सापडते.