गोड गोळीची भीती

प्रश्न : मला मधुमेह आहे. बरीच वर्षं चहात साखरेऐवजी अ‍ॅस्पार्टेमची गोड गोळी टाकते. सून म्हणते, त्याने कॅन्सर होतो. डबी फेकून देऊ का?

उत्तर : फेकू नका, ताई. सूनबाईंनी ऐकलं ते निम्मं खरं आहे. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अ‍ॅस्पार्टेम ‘2बी’ गटात टाकलं, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’, पुरावा तोकडा. किती खाल्ल्याने धोका, हे तो गट सांगतच नाही. ते काम दुसऱ्या समितीचं, आणि तिने त्याच वेळी जुनी मर्यादा कायम ठेवली : वजनाच्या दर किलोमागे रोज 40 मिलिग्रॅम. तुमचं वजन 60 किलो धरलं तर 2400 मिलिग्रॅम. एका गोळीत साधारण 20 मिलिग्रॅम असतं. डबीवर बघून घ्या. हिशेब करा, एवढ्या गोळ्या घालायला चहा किती प्यावा लागेल!

फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये. अ‍ॅस्पार्टेममधून सुटणारं फेनिलअ‍ॅलॅनिन त्यांच्या शरीराला झेपत नाही.

गोळी उकळत्या चहात टाकू नका, कपात टाका. फार वेळ उष्णता लागली की गोडी जाते. आणि सूनबाई वजन उतरवायला हीच गोळी घेत असतील, तर त्यांना थांबवा. जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी ती नकोच म्हणते. तुमच्यासारख्या मधुमेहींना तो सल्ला लागू नाही.