मुलींच्या कॉलेजातली ती नोकरी घ्यावी का?

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ ‘तू’च म्हणते. तुझा प्रश्न असा: पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकून झालं, पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या मुलींच्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी कार्यालयात नोकरीची बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत, लेखनाचा नमुना मागितलाय. पण कामाचा मोठा भाग म्हणजे दिवंगत विद्यार्थिनींच्या नोंदी तयार करणं. घरचे विचारतात, एवढ्या लांब जाऊन रोज मयताच्या बातम्या लिहायच्या का? मी याच भागात राहते आणि असंच काम करते. माझं म्हणणं, जरूर ये.

आधी व्यवहाराचं बोलू. ब्रॅडली विमानतळ बोस्टनपेक्षा पुष्कळ जवळ पडतो. नॉर्थॅम्प्टन, ॲमहर्स्ट, साउथ हॅडली या गावांमध्ये बस आहे, पण सुट्टीच्या दिवशी विरळ होते, तेव्हा घर बसच्या रस्त्यावरच बघ. एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची लॉटरी कॉलेजांना लागू होत नाही हे खरं, पण शुल्क आणि नियम सारखे बदलताहेत. कॉलेजच्या वकिलाकडून लेखी उत्तर घे आणि ते हातात पडेपर्यंत सध्याची नोकरी असेल तर सोडू नकोस.

आता कामाबद्दल. इथल्या मुलींच्या कॉलेजांची माजी विद्यार्थिनींसाठी मासिकं, त्रैमासिकं निघतात आणि मागच्या पानांवर बॅचनुसार निधनाच्या नोंदी असतात. वयस्कर बायका अंक हातात आला की आधी तीच पानं उघडतात. बातमी कुठूनही येते. कुणाची मुलगी फोन करते, अंक पत्त्यावरून परत येतो, बॅचची सेक्रेटरी कळवते. पहिलं काम म्हणजे खात्री. नाव, बॅच, तारीख तिन्ही जुळल्याशिवाय नोंद करायची नाही, कारण एकाच नावाच्या दोघी असू शकतात आणि जिवंत बाईला वारली असं छापणं याहून वाईट काही नाही. नावांची गुंतागुंतही मोठी. प्रवेश माहेरच्या नावाने, नंतर नवऱ्याचं आडनाव, कधी दुसऱ्या लग्नाचं.

खरं काम त्यापुढे सुरू होतं. आपल्याकडची निधनवार्ता आठव: ‘अमुक यांच्या मातोश्री, त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ बाई कोण होती, काय शिकली, याचा पत्ता नाही. इथल्या कुटुंबांनी दिलेल्या बातम्याही पुष्कळदा त्याच वळणाच्या असतात. प्रेमळ पत्नी, बागेची आवड, ॲपल पाय छान करायच्या. ते खोटं नसतं, पण तेवढंच नसतं. म्हणून तिची फाइल काढायची. जाड खाकी पाकिटात पत्ता बदलल्याची कार्डं, लग्नाच्या बातमीचं कात्रण, स्नेहमेळाव्याआधी भरून पाठवलेला फॉर्म. एका बाईंची मुलगी फोनवर म्हणाली, “आईने तसं काही केलं नाही, घरच सांभाळलं.” पाकिटात १९४४ चं कार्ड होतं. व्यवसायाच्या रकान्यात निळ्या शाईत बारीक अक्षर: नौदल, वॉशिंग्टन, याहून जास्त लिहिता येत नाही.

चाळीसच्या दशकातल्या बॅचेसच्या फायली उघडताना ही गोष्ट लक्षात ठेव. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने याच कॉलेजांतून हुशार मुली गुपचूप निवडून शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडायच्या कामाला लावल्या. १९४२ पासून नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजात आणि साउथ हॅडलीच्या माउंट होल्योकमध्येही चाललं. गुप्ततेची शपथ घेतलेल्या या मुली पुढे म्हाताऱ्या झाल्या तरी घरी बोलल्या नाहीत. कुटुंबाने पाठवलेल्या मजकुरात १९४२ ते ४५ मोकळं दिसलं, तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. १९४४ चं कार्ड सापडलं त्या बाईंच्या मुलीला मी त्याची प्रत पाठवली. तिने मामाच्या घरचे कागद काढले आणि नोंदीत चार ओळी वाढल्या. त्या ओळींसाठी मी हे काम करते.

प्रसिद्ध बायकांच्या नोंदी आपोआप होतात. माउंट होल्योकच्या १९२९ च्या बॅचच्या व्हर्जिनिया ॲपगार यांचं नाव पुण्यातल्या प्रसूतिगृहातल्या परिचारिकेलाही ठाऊक असतं, कारण जन्मल्या जन्मल्या बाळाची प्रकृती जोखायला दिले जाणारे ‘ॲपगार’ गुण त्यांनीच १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना आपली गरज नाही. गरज आहे ती तीस वर्षं शिकवण्यात घालवलेल्या गणिताच्या बाईंना, गावचं वाचनालय उभं करणारीला, लग्न न करता बहिणीची मुलं वाढवणारीला.

वातावरण उदास असेल का, असं तू विचारलंस. माउंट होल्योकची स्थापना १८३७ मध्ये करणाऱ्या मेरी लायन यांची समाधी कॉलेजच्या आवारातच आहे. दरवर्षी पदवी समारंभाच्या वेळी पांढऱ्या कपड्यांतल्या मुली लॉरेलच्या पानांचा लांब हार खांद्यावर घेऊन तिथे जातात, त्यांच्यासोबत माजी विद्यार्थिनी बॅचनुसार चालतात. नव्वदीच्या बायका गाडीत बसून हात हलवतात. ते बघ आणि मग ठरव.

वेळ मिळेल तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीतही जा. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी थिओडिसिया कार्पेंटर या त्यांच्या मानलेल्या अमेरिकन मावशींकडे पाठवल्या. मावशींनी त्या आपल्या घराण्याच्या जागेत ठेवल्या आणि दगड उभा केला. त्यावर नाव, एम.डी. ही पदवी, १८६५–१८८७ ही वर्षं आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री ही ओळ आहे. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्येच त्यांचं चरित्र छापलं, काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं. एवढ्या जणींनी त्या वेळी कागद जपले म्हणून आज आपल्याला आनंदीबाई माहीत आहेत.

तू लिहिलंयस की तुझी आजी एस.एन.डी.टी.ची पदवीधर होती आणि गेल्या वर्षी वारली. मग नमुन्यासाठी दुसरा विषय शोधू नकोस. कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेल्या विद्यापीठात शिकलेल्या किती जणींबद्दल कुणी पानभर लिहिलंय? आजीची पदवी लग्नाआधीची असेल तर प्रमाणपत्र माहेरच्या नावाने असणार, आणि लग्नात नाव बदललं असेल तर पहिलं नावही वेगळं. ते कपाटातून काढ. वसतिगृहातला फोटो मिळाला तर मागे नावं लिहिली आहेत का बघ, आणि फोटोतल्या ज्या हयात आहेत त्यांना निघायच्या आधी प्रत्यक्ष भेट. काय शिकवायचे, मेसमध्ये काय मिळायचं, आजी कुठल्या विषयात पुढे होती, घरून विरोध कुणाचा होता, हे विचार. पाचशे शब्दांत मराठीत लिही, मग इंग्रजी कर. दोन्ही मला पाठव, मी रविवारी वाचून दुरुस्त्या कळवते.