लेकीचं विमान उतरेपर्यंत घास उतरत नाही

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरचं माणूस खुर्चीत टेकताना आता तेच येणार हे मला कळतं. ‘मॅडम, वाईटच विचार येतात. थांबतच नाहीत.’ सैन्यातल्या मुलाची साताऱ्याकडची आई, मर्चंट नेव्हीत गेलेल्या मुलाचे मिरजेचे वडील, रात्रीच्या बसने पुण्याला जाणाऱ्या मुलीची आजी. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान कोसळलं, तेव्हापासून विमानाची भीती घेऊन येणारेही वाढले. या सगळ्यांना उपयोगी पडेल अशी एक हकिगत सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अण्णा पंचावन्नचे. डिझेल इंजिनांचे पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेलेली. उसाच्या हंगामात रात्री दोनला ट्रॅक्टर बंद पडला, तरी माणसं त्यांच्याच दारात यायची. धाकटी लेक परराज्यात वैमानिकाचं प्रशिक्षण घेत होती. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले दीडशेच्या वर झाले होते. तेवढे सगळे एका इंजिनाच्या विमानावर. आता दोन इंजिनांचं विमान सुरू होणार होतं.

गंमत वाटेल, पण अण्णा याच टप्प्याची वाट बघत होते. ‘इंजिन बंद पडतं मॅडम. जन्मभर तेच बघितलंय. म्हटलं, काही महिने एका इंजिनावर काढायचे, पुढं दोन असतात. एक गेलं तर दुसरं हाय.’ या हिशेबावर त्यांनी दीड वर्ष काढलं. मग एका रात्री मोबाइलवर दोन इंजिनांचं छोटं विमान पडतानाचा व्हिडिओ त्यांच्यासमोर आला आणि हिशेब मोडला.

माझ्याकडे आले तेव्हा त्यांना सगळं तोंडपाठ होतं. २०१७, मेलबर्नचं एसेंडन विमानतळ : किंग एअर जातीचं छोटं विमान, उडाल्याबरोबर डावीकडे ओढत गेलं, पाच ठार. २०१८, मुंबईचं घाटकोपर : किंग एअरच, चाचणीचं उड्डाण, विमानातले चार आणि खालचा एक पादचारी. २०१९, टेक्ससमधलं ॲडिसन : उडताच डाव्या इंजिनाचा जोर गेला, दहा जण. ‘सगळी दोन इंजिनांची, मॅडम.’

पहिल्या भेटीत मी समजूत घालायचा प्रयत्न केला. अपघात किती थोडे आणि सुखरूप उड्डाणं किती जास्त, हे सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले आणि पुढच्या आठवड्यात आणखी तीन अपघात शोधून आले. घाबरलेल्या माणसाला ‘क्वचित होतं’ असं सांगितलं की त्याला त्यातलं ‘होतं’ तेवढंच ऐकू येतं. घरचे नेमकी हीच समजूत महिनोन्‌महिने घालत बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या भेटीत मी वेगळं विचारलं.

‘रोज किती वेळ बघता?’

‘रात्री अकरा ते दोन.’

‘कशासाठी?’

‘चूक सापडते. सापडली की पोरीला फोन करून सांगतो.’

‘ती काय म्हणते?’

‘आधी ऐकायची. आता उचलत नाही.’

‘आणि बघायचं बंद केलं तर?’

ते बराच वेळ हातातली गाडीची चावी फिरवत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, ‘ज्या दिवशी बंद करीन, नेमकं त्याच दिवशी काहीतरी व्हायचं.’

माझ्या अनुभवात काळजीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. आपण काळजी करतोय म्हणून पलीकडचं माणूस सुखरूप आहे, असं आत खोलवर बसलेलं असतं. काळजी मग पहाऱ्यासारखी वाटायला लागते आणि पहारा सोडायची हिंमत होत नाही. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांच्या वाटेनं काम करते. एलिस यांनी माणसाच्या दुःखातला हट्ट नेमका पकडला आणि मराठीत तो एका अक्षरात मावतो. ‘तिला काही होऊ नये’ ही प्रत्येक बापाची इच्छा. ‘तिला काही होताच कामा नये, आणि याची मला आत्ताच खात्री हवी’ यातल्या ‘च’ने अण्णांची झोप उडवली होती.

मी विचारलं, ‘तुमच्या गॅरेजातून गेलेला पंप रस्त्यावर तुमच्या काळजीवर चालतो?’

‘छ्या! केलेल्या कामावर चालतो.’

‘मग लेकीचं काम कोण करतं?’

‘ती करती. तिचे सर करत्यात.’

डोक्याला पटलं होतं, पोटाला अजून पटलं नव्हतं. पोटाला पटायला महिना लागला, आणि ते श्रेय तिचं.

ती सुट्टीवर आली तेव्हा मी दोघांना एकत्र बोलावलं. अण्णा वाटेतच बायकोला सांगून आले होते, की आज पोरीला हे सोडायला सांगायचं. हे मला नंतर कळलं. मी लेकीला एवढंच म्हटलं, ‘दुसरं इंजिन असून विमान का पडतं, ते बाबांना त्यांच्या भाषेत सांग.’

तिने टेबलावरची पट्टी घेतली. ‘अण्णा, दोन पंखांवर दोन इंजिनं. डावं बंद पडलं, उजवं पूर्ण जोरात. काय होईल?’

अण्णा लगेच म्हणाले, ‘ट्रॅक्टरचा एकाच बाजूचा ब्रेक दाबल्यागत गर्रकन वळंल.’

मागच्या चाकांचे दोन ब्रेक वेगळे असतात आणि रस्त्यावर चालवताना दोन्ही पेडल एकत्र अडकवायची असतात, हे मला त्या दिवशी कळलं. तिचा चेहरा मात्र उजळला. ‘तेच! ते वळणं रडरने, म्हणजे शेपटीवरच्या हलत्या उभ्या फळीने, धरायचं असतं, पायाने. पण रडरला वाऱ्याचा जोर लागतो. वेग कमी असेल तर पाय पार खाली दाबला तरी तो धरत नाही. विमान नुसतं वळत नाही, कुशीवर पडतं, उलटं होतं. वेगाच्या घड्याळावर त्यासाठी लाल रेघ असते.’

‘म्हणजे चालू इंजिनच उलथवतंय?’

‘हो. जमिनीपासून उंचावर असताना वेग त्या रेघेखाली आला, तर चालू इंजिनाचा जोर कमी करायचा आणि नाक खाली घालून वेग मिळवायचा, असं शिकवतात. धावपट्टीवरच असलो तर दोन्ही थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचे लीव्हर, मागे घेऊन थांबायचं.’

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण वर चढायची क्षमता ऐंशी टक्के किंवा त्याहूनही जास्त जाते. कारण उरलेली बहुतेक ताकद नुसतं उडत राहण्यातच संपते. ‘दोन ट्रॉल्या ऊस भरलेला ट्रॅक्टर निम्म्या ताकदीत सपाटीला कसाबसा चालेल,’ अण्णा पुटपुटले, ‘घाट न्हाई चढायचा.’ वजन जास्त आणि हवा तापलेली असली की आणखी कठीण. घड्याळावर निळी रेघही असते. एका इंजिनावर त्या वेगाला विमान त्यातल्या त्यात चांगलं चढतं. तो वेग सोडून नाक वर ओढलं, की घात.

‘आणि सगळ्यांत वाईट म्हणजे घाई, अण्णा. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईहून एटीआर-७२ हे दोन इंजिनांचं प्रवासी विमान उडालं. ते आमच्या विमानापेक्षा खूप मोठं, पण धडा तोच. उजव्या बाजूचा जोर गेला आणि वैमानिकाने डावीकडचं, चांगलं चालणारं इंजिन बंद केलं. ४३ माणसं गेली. म्हणून लीव्हरवर हात जायच्या आधी ओळखायचं. जो पाय जोर न लावता मोकळा राहतो, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. तरी लगेच बंद करायचं नाही. त्याचा थ्रॉटल हळू मागे घेऊन बघायचं. काही फरक पडला नाही, तर ते नक्की मेलेलं. मगच बंद करायचं आणि त्याच्या पंख्याच्या पात्यांची धार वाऱ्याकडे वळवायची, म्हणजे ती विमानाला मागे ओढत नाहीत.’

अण्णा गप्प झाले. मला पहिल्या भेटीतली त्यांची एक ओझरती गोष्ट आठवली. वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून शटर मुलगा उघडतो. मी विचारलं, ‘अण्णा, तुमच्या घरात बंद कुठलं इंजिन पडलंय?’

आणि मी गप्प बसले. हे गप्प बसणं मला पंधरा वर्षांच्या कामाने शिकवलंय. प्रश्न योग्य असेल तर त्याच्यामागे आपला दुसरा प्रश्न धाडायचा नसतो. मिनिटभर खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. लेक काहीतरी बोलणार होती, तिला मी हातानेच थांबवलं.

‘माझं,’ अण्णा म्हणाले. ‘वर्ष झालं गॅरेजात गेलो न्हाई. दिवसभर पडून. रात्री मोबाइल.’ मग लेकीकडे बघून, ‘आणि मी तुझं चालू इंजिन बंद करायला निघालो हुतो.’

दोघं रडले. अशा क्षणांसाठीच मी हे काम करते. मला त्या दिवशी जे नीट समजलं ते असं : काळजी करणारा बाप ज्या धोक्याकडे बोट दाखवतो, दुखणं पुष्कळदा तिथे नसतंच. हाताला काम नाही, शरीरावरचा विश्वास गेलाय, घरातली जागा हललीय. ते सगळं लेकीच्या विमानावर चढून बसतं, कारण स्वतःच्या हृदयाची भीती बोलून दाखवण्यापेक्षा मुलीची काळजी बोलून दाखवणं सोपं जातं. म्हणून मी पालकांना आधी तपासायला सांगते. भीती वाढायला लागली तेव्हा तुमच्या स्वतःच्या आयुष्यात काय थांबलं होतं? उत्तर मिळेपर्यंत मुलाला ‘सोडून दे’ म्हणू नका.

पुढचं काम साधं होतं, पण सोपं नव्हतं. पहिला प्रश्न फोनचा. लेकीने सांगितलं, की उड्डाणापूर्वी वैमानिक विमानासारखी स्वतःचीही तपासणी करतो : आजार, औषधं, ताण, दारू, थकवा, मनःस्थिती. ‘अण्णा, त्या यादीतल्या ताणात तुमचा फोन येतो.’ त्यानंतर अण्णांचा उड्डाणाआधीचा फोन बंद झाला. तिने उतरल्यावर एका शब्दाचा मेसेज टाकायचा ठरलं, आणि तो उशिरा आला तर दोन तास विचारायचं नाही. मुलं कुठल्याही जोखमीच्या कामात असोत, मी हाच नियम देते. काम सुरू होण्याआधी आपली भीती त्यांच्या खिशात घालू नका.

व्हिडिओंवर मी बंदी घातली नाही. बंदी मोडली जातेच. बघायचं तर दिवसा, आणि एकाच अपघाताचा चौकशी अहवाल शेवटपर्यंत वाचायचा, एवढीच अट घातली. अण्णांनी एसेंडनचा अहवाल मुलाकडून समजून घेतला. इंजिन बिघडल्याचा पुरावा नव्हता. रडरचा ट्रिम, म्हणजे रडर एका बाजूला धरून ठेवणारी जुळणी, पूर्ण डावीकडे फिरवलेला राहिला होता आणि उडण्यापूर्वीच्या तपासणीत तो लक्षात आला नाही. व्हिडिओत विमान पडताना दिसतं, अहवालात का पडलं ते कळतं. अण्णांसारख्या मेकॅनिकच्या मनाला कारण मिळालं की ते निवतं.

खात्री मात्र मुलांकडे मागू नका. ‘काही होणार नाही ना?’ याला खरं उत्तर कोणाकडेच नसतं. ‘नाही’ म्हटलं तरी समाधान तासभर टिकतं आणि मुलांना खोटं बोलायची सवय लागते. त्यापेक्षा एकदाच सांगा, ‘मला भीती वाटते, तरी तू जा.’ मीही अण्णांना काही होणार नाही असं कधी म्हटलं नाही. आणि धडधड, घाम, आठवडेच्या आठवडे झोप नाही असं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. हृदयाच्या डॉक्टरांनी हलक्या कामाला हरकत नाही म्हटल्यावरच अण्णा गॅरेजात गेले, सुरुवातीला सकाळचे दोन तास.

दोन इंजिनांच्या विमानावर तिची परीक्षा झाली, त्या दिवशी अण्णा नोझल टेस्टिंगला बसले होते. मोबाइल ड्रॉवरमध्ये होता. ‘उतरले’ असा मेसेज सव्वाचारला आलेला.

‘मी पाचला बघितला, मॅडम,’ ते मला सांगत होते. ‘पाच वाजता.’