टुंड्रातली रात्र आणि नऊ हीटर

प्रश्न: ताई, ‘रिमवर्ल्ड’ या वस्ती वसवायच्या गेममध्ये मी टुंड्रावर, म्हणजे बर्फाळ माळावर, बेस केलाय. तीन माणसं, एकच मोठा हॉल, त्यात नऊ हीटर. वीज सोलरची, बॅटरी एकच. मध्यरात्रीनंतर बॅटरी संपते आणि सकाळी तिघंही गारठलेले असतात. अजून किती हीटर लावू?
— बारावीतला एक वाचक

उत्तर: एकही लावू नकोस. आज रात्री गेम थांबव, एका हीटरवर क्लिक कर आणि तो किती वीज खातोय ते बघ. हीटर पूर्ण जोरात १७५ वॅट घेतो; खोली ठरवलेल्या तापमानाला पोचली की साडेसतरावर येतो. तुझे नऊच्या नऊ १७५ वरच अडकले असणार. म्हणजे १५७५ वॅट. रात्र अर्ध्या दिवसाची धरली तरी साधारण ७९० वॅट-दिवस लागले (एक वॅट दिवसभर चालला की एक वॅट-दिवस), आणि बॅटरीत मावतात ६००. शिवाय ती भरताना निम्मी वीज वाया जाते. एवढं करून ऊब मिळतेय बाहेरच्या बर्फाला.

म्हणून आधी भिंती दुहेरी कर. लाकडाच्या की दगडाच्या, याने उबेत फरक पडत नाही. आगीचा विचार केला तर दगड बरा. छताला कुठे भोक राहिलंय का तेही तपास.

मग दार. एका दाराने भागत नाही. आत एक, बाहेर एक आणि मध्ये एका घराएवढी रिकामी जागा ठेव, म्हणजे दोन्ही एकदम उघडी राहत नाहीत. त्या जागेत आणि उंबऱ्यांवर काहीही पडू देऊ नकोस. माझ्या पहिल्या टुंड्रा बेसमध्ये उंबऱ्यावर कुणीतरी लाकडं टाकून गेलं आणि त्यामुळे दार रात्रभर उघडं राहिलं. माझ्या लक्षातच आलं नाही. जुई नावाची माझी स्वयंपाकीण होती, हिमदंशाने तिच्या पायाची दोन बोटं गेली. तेव्हापासून झोपायची वेळ झाली की मी प्रत्येक दार बघून घेते, आजही.

हॉल मोडून झोपायच्या लहान खोल्या केल्यास तर फारच छान. शेजारच्या खोल्यांमधल्या भिंतीत व्हेंट, म्हणजे हवा खेळती ठेवणारी जाळी, बसव. त्याला वीज लागत नाही आणि एका हीटरची ऊब दोन्हीकडे जाते. एवढं झालं की नऊपैकी निम्मे हीटर तू स्वतःच काढशील.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, पण तिची मला जास्त काळजी वाटते. सौरवादळ आलं की वीज पूर्ण बंद पडते, बॅटरी भरलेली असली तरी. त्यासाठी झोपायच्या खोलीत शेकोटी आधीच बांधून ठेव आणि तिघांनाही पार्का, म्हणजे जाड उबदार कोट, शिवून दे. शेकोटी दिवसाला १० लाकडं खाते. टुंड्रावर झाडं मुळातच कमी, तेव्हा उन्हाळ्यातच तोडून आत आणून ठेव.